एक तरी जाळी अखंड ठेवा

आमच्या गिरगावातल्या चाळीचे कठडे काढले त्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी परतलो तर चौकात घण पडलेला आणि टेम्पोत बिडाचे तुकडे. ज्या कठड्यावर कोपरं टेकून तीन पिढ्यांनी गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या, तो किलोच्या भावाने भंगारात गेला. एक जाळी तेवढी वाचली. शेजारच्या काकूंनी ती कुंड्या ठेवायला मागून घेतली होती.

कठडा काढावा लागला याचं दुःख नाही. इमारत धोकादायक झाली होती, दुरुस्ती हवीच होती. राग येतो तो घणाचा. त्या जाळ्या बोल्टवर बसवलेल्या होत्या. गंज सोडवायचं तेल आणि दोन दिवसांचा धीर, एवढ्यावर त्या अख्ख्या निघाल्या असत्या. पण बीड ठिसूळ. बिडाचा तवा हातातून सुटला की काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. भंगारवाल्याला फोडणंच सोयीचं.

‘पण आता असं काम करणारे राहिलेत कुठे?’ हा प्रश्न मी प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकतो. राहिलेत की! कोल्हापूरला शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात जाऊन या. तिथल्या फाउंड्र्या रोज बीड ओततात, गाड्यांचे आणि पंपांचे भाग काढतात. इंजिनाच्या भागापुढे वेलबुट्टीची जाळी म्हणजे काही अशक्य कोटीतलं काम नव्हे. अडतं ते नमुन्यापाशी. फोटोवरून जाळी ओतता येत नाही, फोटोला जाडी नसते. एक अखंड जाळी हातात असली की बाकीच्या पन्नास होऊ शकतात.

त्यातही गंमत आहे. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभरात एक. तीन फुटांची जुनी जाळी तशीच वाळूत दाबून साचा घेतला, तर नवी जवळजवळ एक सेंटिमीटर आखूड येते. एका जाळीला ते चालून जाईल. दहा जाळ्यांच्या सज्जात साडेतीन इंचांहून जास्त फट पडते. म्हणून जाणता पॅटर्नवाला जुन्या जाळीवरून माप घेतो आणि लाकडाचा पॅटर्न किंचित मोठा करतो. त्याची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून थोडा लांब. शिवाय प्रत्येक पाकळीच्या कडेला बारीक उतार द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. खर्च आहे तो इथे, या लाकडात. पॅटर्न एकदा झाला की पुढची प्रत्येक जाळी स्वस्त पडत जाते.

दुसरा युक्तिवाद असा की, हे सगळं साहेबाने बोटीतून आणलं, आपलं त्यात काय? अर्धं खरं आहे. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडमधून आला होता. पण १८६६ साली जे. जे. कलाशाळेत तीन कार्यशाळा निघाल्या, त्यातली एक हिगिन्स नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली नक्षीदार घडीव लोखंडाची होती. बोरीबंदर स्टेशनातले नक्षीचे कठडे, तिकीट खिडक्यांच्या जाळ्या याच शाळेतल्या मुलांच्या हातच्या. ऐरण आणि भाता आपल्याकडे होतेच, वळण तेवढं ही मुलं नवीन शिकली.

आणि घडीव लोखंडाचं तर बिडाहून अवघड. जुन्या पद्धतीचं तंतुमय घडीव लोखंड आता कारखान्यात बनतच नाही. इंग्लंडमधली शेवटची भट्टी १९७०च्या दशकात थंडावली. बाजारात ‘रॉट आयर्न’ म्हणून जे फाटक मिळतं ते साधं पोलाद असतं, वाकवलेलं आणि काळं रंगवलेलं. तुमच्या वाड्याच्या खिडकीतले जुने गज भंगारात घालताना एवढं लक्षात असू द्या.

जपलं की परत येतं, याचा पुरावा धोबीतलावला उभा आहे. फिट्झजेराल्ड कारंजं १८६७ साली तिथे बसलं. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या ओतशाळेतलं ओतीव काम. १९६०च्या दशकात ते रस्त्यातून हटवलं, पण कोणी तरी शहाणपणा केला आणि त्याचे भाग भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पडून राहिले. काही वर्षांपूर्वी ते सांधून, डागडुजी करून पुन्हा मेट्रो सिनेमाच्या चौकात उभं केलं. त्याचं जुळं भावंड नॉर्थॅम्प्टनच्या बाजारचौकात होतं. ते १९६२ साली काढलं, आणि गेलं ते गेलंच.

तेव्हा गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा, नाशिक, वाई, पणजीचं फोंतेन्यास, जिथे जिथे जुन्या सज्जाला हात लागणार आहे तिथल्या मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे. बिल्डरच्या करारात एक ओळ घालून घ्या: कठडे, तीर, चक्री जिना बोल्ट सोडवून उतरवायचे, फोडायचे नाहीत. वॉर्ड ऑफिसात अर्ज करताना बागेच्या जुन्या कुंपणासाठीही हीच अट मागा. जुन्या कठड्यांच्या जागी येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांनी शहर दवाखान्यासारखं दिसायला लागलंय. कोल्हापूरच्या उद्योजकांनो, महिन्यातून एक दिवस छोट्या ऑर्डरींसाठी राखून ठेवा. आणि रंगाऱ्याला सांगा, जुने थर खरवडल्यावर त्याच दिवशी प्रायमर लावायचा. उघडं लोखंड पावसाळ्यात एका रात्रीत तांबडं होतं.

काकूंची जाळी आता माझ्या पलंगाखाली आहे. मधोमध आठ पाकळ्यांचं फूल, दोन्ही बाजूंना खाली वळलेल्या वेली, वरच्या पट्टीला गोल भोकं. एकट्या चाळीला पॅटर्नचा खर्च झेपत नाही, चार-पाच चाळी मिळाल्या तर झेपेल. तुमच्या सज्जाची नक्षी अशीच असेल तर घण येण्याआधी निरोप पाठवा.