मुलांचे मन : विचारावे की न विचारावे?

सहामाही परीक्षेनंतर आपला पंधरा वर्षांचा मुलगा पानावरून अर्धवट उठतो, मित्रांकडे फिरकत नाही आणि परवा त्याने आपली जिवापाड जपलेली पुस्तके धाकट्या भावाला देऊन टाकली, असे एका मातेने कळविले आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार तर त्याच्या मनात नसेल ना, हे विचारण्याचे त्यांच्या अगदी ओठांवर येते. पण विचारल्याने नसती कल्पना डोक्यात भरेल, ही धास्ती. त्यांना उत्तर तत्काळ पाठविले आहे. येथे लिहितो ते इतर घरांसाठी.

ही धास्ती अनाठायी आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर नेमकी हीच शंका तपासण्यात आली. काहींना आत्महत्येविषयी स्पष्ट प्रश्न विचारले, काहींना नाहीत. विचारल्यामुळे कोणाची व्यथा वा तसले विचार वाढले नाहीत, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. उलट आधीच खचलेली मुले किंचित सावरलेली दिसली.

मुलाला आपले दुःख बोलता यावे यासाठी शाळेतही प्रयत्न झाले आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने जीवनकौशल्यांचे पाठ तयार केले. ते शिकविण्यासाठी शाळेतील शिक्षकांनाच तयार केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे पाठ मिळालेल्या ६०५ मुलांची, ते न मिळालेल्या ४२३ मुलांशी तुलना आहे. आत्महत्या हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. पाठ मिळालेल्या मुलांचा आत्मविश्वास अधिक होता, शिक्षकांशी व शाळेशी त्यांचे चांगले जुळत होते. घरी जुळवून घेण्यात मात्र फरक आढळला नाही. भाषांतर करताना या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो.

तेव्हा घरी विचारावे लागेल ते घरच्यांनीच. एकांतात, आवाज न चढविता, सरळ शब्दांत : ‘तुला जीव नकोसा वाटतो का रे? मरून जावे असे मनात येते का?’ उत्तर ‘होय’ आले, तर रागावू नये, शपथा घालू नयेत, ऐकून घ्यावे. त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी-सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते. आणि सुरुवात कशी करावी हेच सुचत नसेल, तर ‘पुस्तके का दिलीस?’ एवढे विचारूनही ती होते.