विश्लेषण : पाचवी-आठवीत पुन्हा 'नापास'; घरच्या अभ्यासात पालकांनी नेमके काय करावे?

पाचवी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाची झाली आहे. मूल मागे पडते आहे हे पालकांना निकालाच्या दिवशी कळले, तर हातात जेमतेम दोन महिने उरतात. ते दिवाळीच्या आत कळले, तर जवळजवळ अर्धे वर्ष हाताशी असते. त्यासाठी घरात आणि शाळेत काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

नियम नेमका काय आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही, अशी त्यात तरतूद होती. २०१९ मध्ये संसदेने ती बदलली. पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घ्यायची आणि अनुत्तीर्ण मुलाला मागे ठेवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे राज्यांना मिळाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून तो अधिकार वापरला.

या बदलाची दुसरी बाजू पालकांच्या चर्चेत फारशी येत नाही. मूल वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, तर शाळेने त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आहे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची आहे. त्यातही ते अनुत्तीर्ण झाले, तरच त्याला त्या वर्गात ठेवता येते. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'नापास झालास तर शाळा काढून टाकेल' ही धमकी म्हणूनच खोटी आहे. ती घरीही कोणी देऊ नये.

चिंता करण्यासारखे काही आहे का?

आहे. 'असर २०२४' या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमध्ये पाचवीतील ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण ३८.५ टक्के होते. करोनाकाळातील पडझड भरून निघते आहे, ही त्यातली चांगली बातमी. पण पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा जमत नसेल, तर परिसर अभ्यासाचा किंवा गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचा प्रश्न पुढे येतच नाही. मूल गणितात अडखळताना दिसते, पण पुष्कळदा ते प्रश्न वाचण्यातच अडकलेले असते.

घरी पुन्हा शाळा भरवायची का?

नाही. दिवसभर काम करून आलेल्या आईने किंवा बाबांनी रात्री पुन्हा शिक्षक व्हावे, ही अपेक्षा चुकीची आहे. बहुतेक घरांत त्यातून चिडचिड आणि रडारडच होते. शिकवणे हे शाळेचे काम आहे. घराकडे दुसरे काम असते. मूल वाचते तेव्हा ते ऐकायला कोणीतरी असावे, त्याची झोप आणि दिनक्रम सांभाळला जावा, आणि ते कुठे अडते आहे हे वेळेत लक्षात यावे. यासाठी पालक पदवीधर असण्याची गरज नाही.

वाचन कसे ऐकावे?

रोज दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातल्या कोणीतरी ते ऐकावे. आजी-आजोबा चालतील, मोठी बहीण चालेल. ऐकणाऱ्याला स्वतःला वाचता येत नसेल, तरी मूल अडखळते आहे की सलग वाचते आहे, हे कानाला कळते. वाचून झाल्यावर 'काय झालं रे त्या गोष्टीत?' एवढे विचारावे. गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तर मुलाला ती समजली आहे. नुसती वाक्ये घोकून म्हटली, तर उद्या तोच उतारा पुन्हा घ्यावा.

पातळी ताडून पाहायची असेल, तर केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट उपयोगी पडते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने वयानुरूप, आधी न पाहिलेल्या मजकुरातील मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि शब्द मोजा. पाचवीतले मूल तीस-पस्तीस शब्दांवर थांबत असेल, तर ही बाब शिक्षकांच्या कानावर घालायलाच हवी. मात्र ही चाचणी रोज घेऊ नये. महिन्यातून एकदा पुरे, आणि ती शर्यत आहे असे मुलाला वाटू देऊ नये.

घरात पुस्तके नाहीत, ही अडचण आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथे वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर?

पालकांचे शिक्षण मराठीत आणि मूल इंग्रजी माध्यमात, ही स्थिती आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसते. अशा घरांत पालक लवकर माघार घेतात आणि सगळा भार क्लासवर टाकतात. त्याऐवजी मुलाला सांगावे, 'आज विज्ञानात जे शिकवलं ते मला मराठीत समजावून सांग.' बाष्पीभवन किंवा अपूर्णांक मुलाला घरच्या भाषेत समजावता आले, तर संकल्पना पक्की आहे. आले नाही, तर इंग्रजीत ते फक्त पाठ झालेले आहे. ही तपासणी करायला इंग्रजी यावे लागत नाही.

गणितासाठी वेगळी पुस्तके लागत नाहीत. एसटीत आईला महिला सवलतीमुळे अर्धे तिकीट, बाबांना पूर्ण आणि दहा वर्षांच्या मुलाला अर्धे. तिघांचे मिळून किती झाले आणि पाचशेच्या नोटेतून किती परत येतील? किराण्याची यादी, दुधाचे महिन्याचे बिल, वाटणीतले अर्धा-पाव यातूनही हाच सराव होतो.

पुन्हा पुन्हा वाचणे की आठवून सांगणे?

परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चार वेळा वाचून काढण्याची सवय आपल्याकडे रुजलेली आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात वेगळे चित्र दिसले. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. पण आठवडाभराने बाजी उलटली. मजकूर बाजूला ठेवून जे आठवते ते लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात तेव्हा जास्त राहिले होते.

घरी याचा अर्थ साधा आहे. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला सांगावे आणि आठवेल ते मुलाने सांगावे किंवा लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले पाहावे. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करावे. चुकले म्हणून ओरडू नये, कारण चुकलेली जागा सापडणे हाच या पद्धतीचा फायदा आहे.

झोप आणि मोबाइलचे काय?

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस सांगते. किशोरवयीन मुलांसाठी हे प्रमाण आठ ते दहा तासांचे आहे. झोपेचा हाच मुद्दा पुढे आल्यावर राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पाचवीचे मूल मात्र त्यात येत नाही. सकाळच्या सत्रातील शाळेसाठी ते सहाला उठत असेल, तर रात्री नऊला अंथरुणावर असायला हवे. घरात दहापर्यंत टीव्ही सुरू असेल, तर ते जमणार नाही. इथे नियम मुलाला लावून भागत नाही, घराला लावावा लागतो.

मोबाइलबाबतही तेच. 'असर २०२४'मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. 'अभ्यासासाठी फोन हवा' हे कारण खरे असते, पण अर्धेच. रात्री जेवणानंतर घरातले सगळे फोन एका जागी, झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावेत. सगळे म्हणजे आईबाबांचेही.

मूल मागेच पडत राहिले तर?

आधी डोळे आणि कान तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून वही अपुरी राहणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीसाठी येतात. त्या दिवशी मुलाची शाळा बुडू देऊ नये. तोंडी सगळे येते, पण वाचताना-लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात, असे सातत्याने दिसत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि रीतसर निदान झाले तर परीक्षेत सवलती मिळतात. अशा मुलाला आळशी ठरवणे हा अन्याय आहे.

मारणे आणि अपमान करणे यांना शाळेत कायद्याने बंदी आहे. घरात त्याने गुण वाढतात, असा कोणाचाही अनुभव नाही. मूल अचानक गप्प झाले, सकाळी पोट दुखते म्हणू लागले, मित्र टाळू लागले, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलावे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक विनाशुल्क आहेत.

शाळेशी बोलायचे कसे?

जवळपास प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर उद्याची सुट्टी, फी, गणवेश, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि गृहपाठाची छायाचित्रे येतात. आपले मूल वाचनात कुठे आहे, हे त्या ग्रुपवर कळत नाही आणि चारचौघांत कळूही नये. त्यासाठी समोरासमोरच भेटावे लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. तेव्हा भेट मागण्यात संकोच नको.

भेटीत 'आमचा कसा आहे?' असे विचारले, की 'ठीक आहे, थोडे लक्ष द्या' असे उत्तर मिळते. त्यापेक्षा नेमके विचारावे. तो अनोळखी उतारा वाचतो का? हातच्याची वजाबाकी आणि भागाकार येतो का? पायाभूत चाचणीत कोणते प्रश्न सुटले? घरी कशाचा सराव घेऊ? ही भेट दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास एकदा झाली, तरी वार्षिक परीक्षेआधी दुरुस्तीला वेळ राहतो.

शाळा व्यवस्थापन समिती हे दुसरे दार आहे. खासगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत ती सक्तीची आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ती करते. रंगरंगोटी आणि ध्वजारोहणाच्या तयारीपलीकडे जाऊन 'पाचवीतल्या किती मुलांना सलग वाचता येते?' हा प्रश्न तिच्या बैठकीत दर महिन्याला विचारला गेला पाहिजे.

मग सगळी जबाबदारी घराचीच का?

मुळीच नाही, आणि सरकारला इथेच जाब विचारायला हवा. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या फडावर जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. वार्षिक परीक्षेआधीचे नेमके हेच महिने. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली नाही, तर ते मूल नापास होते आणि दोष मात्र आईबापांच्या माथी येतो. जादा मार्गदर्शनाची तरतूद कायद्यात आहे. पण एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतील, तर ते मार्गदर्शन कागदावरच राहील.

याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला त्या कामातून मिळाला. मूल शाळेत पोहोचले नाही, तर शाळेने त्याच्यापर्यंत जायचे, हा त्यामागचा विचार होता. नापास करण्याचा अधिकार परत घेणाऱ्या व्यवस्थेने ही बाजूही परत घ्यायला हवी.

परीक्षा असावी की नसावी, हा वाद चालत राहील. दहा वर्षांच्या मुलाला मात्र त्याची वाट पाहता येत नाही. यंदा तुमचे मूल पाचवीत किंवा आठवीत असेल, तर आज रात्री त्याच्याकडून एक पान वाचून घ्या, आणि या आठवड्यात वर्गशिक्षकांची भेटीची वेळ मागा.