‘बूट्स’चे नवे मालक आणि जुना प्रश्न

ब्रिटनमधील सर्वांत परिचित औषध दुकानांची साखळी असलेली ‘बूट्स’ ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा नव्या मालकाच्या हाती गेली. अमेरिकेतील ‘सिकॅमोर पार्टनर्स’ या खासगी गुंतवणूक संस्थेने ‘वॉलग्रीन्स बूट्स अलायन्स’ विकत घेऊन ‘बूट्स’ला स्वतंत्र कंपनीचे रूप दिले. पावणेदोन शतकांच्या या व्यवसायाची किंमत नेमकी कशात आहे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे.

जॉन बूट यांनी १८४९ मध्ये नॉटिंगहॅम येथे वनौषधींचे दुकान उघडले. त्यांचे पुत्र जेसी बूट यांनी घाऊक खरेदी व रोखीची विक्री यांच्या बळावर औषधे कामगारवर्गाच्या आवाक्यात आणली. १९२० मध्ये त्यांनी कंपनी अमेरिकी उद्योगाला विकली. मात्र जागतिक मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, ती पुन्हा ब्रिटिश मालकीची झाली.

या कंपनीचे बळ केवळ विक्रीत नव्हते. स्ट्युअर्ट ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी तिच्याच प्रयोगशाळेत आयबुप्रोफेन शोधले. १९६९ मध्ये ते ‘ब्रुफेन’ नावाने ब्रिटनच्या बाजारात आले. भारतातही घरोघरी पोहोचलेले हे नाव आज येथे ‘ॲबट’कडे आहे. कारण ‘बूट्स’ने १९९५ मध्ये औषधनिर्मिती विभाग जर्मनीच्या ‘बीएएसएफ’ला विकला. पुढे ‘न्यूरोफेन’ही ‘रेकिट बेंकायझर’कडे गेले.

संशोधन हातचे गेल्यावर उरली ती प्रामुख्याने दुकाने आणि लोकांचा विश्वास. त्यावरच पुढील सौदे झाले. २००७ मध्ये सुमारे ११ अब्ज पौंडांना कंपनी खासगी गुंतवणूकदारांनी घेतली. २०१४ च्या अखेरीस ती ‘वॉलग्रीन्स’मध्ये पूर्णपणे विलीन झाली. २०२२ मध्ये भारताच्या ‘रिलायन्स’ने ‘अपोलो ग्लोबल’सह बोली लावली होती, परंतु वित्तीय बाजारातील अस्थिरतेचे कारण देत ‘वॉलग्रीन्स’ने विक्रीच थांबवली. २०२३ मध्ये ३०० दुकाने बंद करण्याचा निर्णय झाला.

दुसरीकडे, सरकारी आरोग्यसेवेची या दुकानांवरील भिस्त वाढत आहे. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधील औषध दुकानांत सात सामान्य विकारांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना उपचार मिळू लागले. अशा वेळी दुकान बंद करण्याचा निर्णय मालकाच्या ताळेबंदापुरता उरत नाही. वृद्ध आणि आजारी रुग्णांसाठी तो उपचाराचे अंतर वाढवणारा ठरतो. नव्या मालकांची कसोटी तेथेच लागेल.