एक दाबा... आणि थांबा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं लेखी मराठी यथातथाच आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ते आमचे वॉचमन काका हे पान वाचतात.

आमच्या लेडीज हॉस्टेलला इंटरनेटवरचे फोन बसवले आणि त्यालाच पेजिंग जोडलं. म्हणजे ऑफिसच्या फोनवरून पेजिंगचा नंबर लावायचा, आकडा दाबायचा आणि बोलायचं. त्या मजल्यावरच्या स्पीकरमधून आवाज येतो. १, २, ३ हे मजले, मेस १० आणि अभ्यासिका ११. सोलापूरकरांना खरं तर याचं अप्रूप नको. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या काळापासून हे गाव भोंग्यावर उठत-बसत आलं. फक्त भोंग्याला आकडा दाबावा लागत नव्हता!

गेल्या पीएलमधली गोष्ट. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीच्या घरून, बार्शीहून, रात्री ऑफिसात फोन आला. वडिलांना छातीत दुखतंय, लगेच निघ. तिचा मोबाईल रूममध्ये चार्जिंगला आणि ती मैत्रिणीकडे अभ्यासाला. काकांनी १ दाबून नाव पुकारलं. आम्हाला काय ऐकू आलं? "...यांनी ताबडतोब ऑफिसात यावे." नाव गायब! प्रत्येकीला वाटलं, दुसरीच कुणीतरी असेल. काका जिना चढून वर येईपर्यंत शेवटची एसटी गेली होती. ती सकाळी पोहोचली. वडील बरे आहेत, पण ती रात्र तिने कशी काढली ते मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. कुणी म्हणालं नेट स्लो आहे, कुणी म्हणालं काकांना बटणं दाबता येत नाहीत. काका बिचारे एकच सांगत होते, "ताई, पयल्या मजल्यालाच उशीर होतंय बघा. दोन-तीनला नाही." आम्ही हसलो. मीही हसले. इंटरनेटला काय मजले कळतात?

मग लाज वाटली. ई अँड टीसीच्या थर्ड इयरला आहे, निदान मोजून तरी बघावं! लॅबच्या सरांनी रेक्टर मॅडमची परवानगी काढून दिली.

थोडी थिअरी, कंटाळू नका. फोनची कळ दाबली की दोन सूर एकदम वाजतात. १ साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्झ. इंटरनेट फोनवर आवाज तुकडे होऊन जातो, साधारण २० मिलिसेकंदांचा एक. जी.७२९ सारख्या कोडेकमध्ये तो ६४ ऐवजी ८ किलोबिटमध्ये कोंबतात. ते माणसाच्या बोलण्यासाठी ठीक आहे, पण त्यात हे सूर बिघडतात. म्हणून २००० सालच्या आरएफसी २८३३ मध्ये (२००६ पासून तिच्या जागी ४७३३) सुराऐवजी 'एक दाबला' असा वेगळा निरोप पाठवायची सोय आली. माझा पहिला संशय याच निरोपावर होता. पण वायरशार्कमध्ये बघितलं तर आकडा डोळ्याची पापणी लवायच्या आत सर्व्हरला पोहोचत होता. २ दाबला की स्पीकर लगेच चालू. १ दाबला की पाच सेकंद. दुपारी पाच, मध्यरात्री पाच, नेटवर गर्दी असो वा नसो, पाचच!

इथेच उलगडा झाला. नेटमुळे होणारा उशीर कमी-जास्त होतो. दर वेळी तेवढाच होणारा उशीर कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो. २ ने सुरू होणारं दुसरं ठिकाणच नाही, म्हणून ते लगेच लागतं. १ दाबल्यावर मात्र यंत्राला कळत नाही, हा पहिला मजला की १० किंवा ११ ची सुरुवात. ते पुढच्या आकड्याची पाच सेकंद वाट बघतं. काका तेवढ्यात नाव सांगून मोकळे!

उपाय? मेसला ४ द्या, अभ्यासिकेला ५. पाच ठिकाणं, पाच आकडे, वाट बघणं बंद. वाट बघण्याची वेळ नुसती कमी करू नका, नाहीतर सावकाश दाबणाऱ्याचा ११ पहिल्या मजल्यावर जाईल. आणि स्पीकर खरोखर चालू झाल्यावरच बोलणाऱ्याला बीप ऐकू येऊ द्या. अर्ज दिलाय. "कंपनीचा माणूस पुढच्या फेरीला येईल तेव्हा बघू" असं उत्तर मिळालं.

मला हे पटत नाही. हे काम काही मिनिटांचं आहे आणि पुढचा फोन फेरी बघून येणार नाही. पण त्याहून मला खटकतं ते वेगळंच. रोज तो फोन वापरणाऱ्या माणसाने दोष अचूक सांगितला होता आणि इंजिनियर होऊ घातलेल्या आम्हा सगळ्यांना तो विनोद वाटला. व्हायवाला 'ट्रबलशूटिंगची पहिली पायरी कोणती?' असं विचारलं तर मी आता सांगीन, वापरणाऱ्याला विचारा आणि त्याचं पूर्ण ऐका.

दुरुस्ती होईपर्यंत काकांनी स्वतःच मार्ग काढलाय. फोनशेजारी त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "१ दाबून मनात सात मोजणे. नाव दोनदा घेणे."

काका, सॉरी. तुमचं बरोबर होतं.

— थर्ड इयर, ई अँड टीसी