विनामूल्य कृपा आणि तिचा विपर्यास : जांब ते विटेनबर्ग

१/
घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). याच जालना जिल्ह्यात, जालना शहराजवळ, एकोणिसाव्या शतकात ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. दोन्ही ठिकाणांची श्रद्धा वेगळी, परंपरा वेगळी. तरीही एक प्रश्न दोहोंकडे सारखाच उभा राहतो : ईश्वराची कृपा झाली म्हणजे माणसाची जबाबदारी संपते काय? त्या प्रश्नाच्या ख्रिस्ती इतिहासाचा हा धागा.

२/
आधी मूळ शिकवण. नव्या करारात ‘खारिस’ असा ग्रीक शब्द येतो. मराठी बायबलमध्ये तो ‘कृपा’ झाला. आशय असा : मनुष्य स्वतःच्या पुण्याईच्या बळावर तारण मिळवू शकत नाही. ते देवाचे दान आहे आणि ते श्रद्धेने स्वीकारायचे असते. कुळ, विद्या, संपत्ती, कर्मकांड यांपैकी कशानेही ते विकत घेता येत नाही.

३/
या शिकवणीचा विपर्यास तिच्याइतकाच जुना आहे. पहिल्या शतकात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाला हाच आक्षेप खोडावा लागला : पापामुळे कृपा वाढत असेल, तर पाप करीत राहण्यास काय हरकत? त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. यहूदाच्या छोट्याशा पत्रातही कृपेला स्वैराचाराची मुभा मानणाऱ्यांविरुद्ध कडक इशारा आहे.

४/
विपर्यासाचा पहिला प्रकार विक्रीचा. सोळाव्या शतकात जर्मनीत योहान टेट्झेल पापदंडमाफीची पत्रे विकत हिंडत होता. त्या पैशाचा एक भाग रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाकडे आणि दुसरा माइंझचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याचे कर्ज फेडण्याकडे जात असे. १५१७ मध्ये विटेनबर्गच्या मार्टिन लूथरने ९५ प्रबंध मांडले, त्यामागचे निमित्त हेच.

५/
दुसरा प्रकार सक्तीचा. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला एक छोटा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. एका हाताने लोकांच्या भाषेत कृपेची कथा सांगायची आणि दुसऱ्या हाताने चौकशी व शिक्षेचे यंत्र चालवायचे, ही त्या राजवटीतील विसंगती. जे दान आहे ते लादले की दान उरत नाही.

६/
तिसरा प्रकार सबबीचा, आणि सर्वांत घातक तोच. विक्री आणि सक्ती बाहेरून दिसतात. त्यांवर बोट ठेवता येते. सबब मात्र शिकवणीचेच शब्द वापरते. ‘देवाने क्षमा केली आहे’ हे वाक्य धर्मशास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. पण ते अन्याय करणाऱ्याने उच्चारले आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोणी विचारलेच नाही, तर तेच वाक्य गुन्ह्यावरचे पांघरूण ठरते.

७/
लूथरलाही हे भोगावे लागले. त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला की, श्रद्धावंताला नियमशास्त्राची शिकवण देण्याचे कारणच नाही. १५३० च्या दशकाच्या अखेरीस हा वाद पेटला आणि १५३९ मध्ये लूथरने या मताविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कृपेच्या विक्रीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला वीस-बावीस वर्षांतच कृपेच्या सबबीविरुद्धही उभे राहावे लागले.

८/
विपर्यास नेमका कसा होतो, ते इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पाहता येते. आठवे आणि नववे वचन सांगते की तारण कर्माने मिळत नाही. ही दोन वचने वारंवार उद्धृत होतात. लगेच येणारे दहावे वचन सांगते की सत्कर्मे करण्यासाठीच माणसाला नव्याने घडवले आहे. ते वगळले की सिद्धान्ताचा अर्धाच भाग हाती राहतो.

९/
लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची कथा हाच क्रम दाखवते. येशू या बदनाम जकातदाराच्या घरी आपणहून उतरतो. जक्कयाने तोवर काहीही भरपाई केलेली नसते. पण त्यानंतर तो अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे ठरवतो. कृपा आधी, भरपाई नंतर. पण भरपाई आहेच. ज्यांचे पैसे गेले, त्यांचा विसर कथेला पडत नाही.

१०/
आता बेथेल. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातील तरुण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या सहवासात त्यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे ते पाळक झाले आणि जालना परिसरात आले. निजामाचे दिवाण पहिले सालार जंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल वसले. तेथे येणाऱ्यांत मांग आणि महार समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती.

११/
जन्माने वरच्या मानलेल्या जातीतला माणूस गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांसोबत वसाहत उभारतो, याचे मोल त्या काळात मोजावे लागत असे. कृपा सर्वांना सारखीच अपात्र असताना मिळते, हे खरे मानायचे तर पंगतीतही फरक उरू नये. बेथेलमध्ये ही शिकवण प्रवचनापुरती न राहता जमीन, घर आणि शाळा यांच्या रूपात दिसू लागली.

१२/
सर्वत्र असे घडले नाही. दक्षिणेतील अनेक मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरही बसण्याच्या जागा जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या. १८३३ मध्ये कोलकात्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ संपवण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावर भागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी चर्च सोडणे पत्करले. कृपा हवी होती, शेजारी नको होता. सबबीचे याहून स्पष्ट उदाहरण शोधणे कठीण.

१३/
उलट उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नंतर सापडला, असे त्यांनी पुढे लिहिले. तारण कर्माने मिळत नाही, ही त्यांची निष्ठा. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून शेकडो मुली-स्त्रियांना आणून सांभाळणाऱ्या त्याच. कृपेवरील विश्वासाने त्यांचे काम कमी झाले नाही, वाढले.

१४/
विसाव्या शतकात या प्रश्नाला प्राणांची किंमत आली. नाझी राजवटीत जर्मन प्रोटेस्टंट चर्चचा मोठा भाग सत्तेशी जुळवून घेत असताना डीट्रिख बोनहोफर याने १९३७ च्या ‘नाखफोल्गे’ या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ हीच चर्चची घातक शत्रू असल्याचे मांडले : पश्चात्तापाविना क्षमा, अनुसरणाविना दिलासा. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

१५/
यावर एक गंभीर आक्षेप येतो. कर्मावर इतका भर दिला तर कृपा पुन्हा मजुरीच होणार नाही काय? हा धोका खरा आहे. गलतीकरांस पत्र लिहिले गेले ते नेमके याच कारणाने. नियमांची यादी पुरी करून देवाला ऋणी करू पाहणे हाही विपर्यासच. म्हणून कसोटी क्रमाची आहे : सत्कर्म हे कृपेचे भाडे नसते, फळ असते. मात्र झाडाला कधीच फळ धरले नाही, तर झाडाविषयी शंका घेणे रास्त ठरते.

१६/
आता पुन्हा जांबकडे. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थ बजावतात की, जो गुरू शिष्याला साधनाला लावत नाही आणि इंद्रियदमन करवत नाही, तो टाकून द्यावा. गुरुकृपा आणि ख्रिस्ती कृपा या एक नव्हेत. त्यांची सरमिसळ करणे हा इतिहासावर अन्याय होईल. सारखा आहे तो केवळ धोका : अनुयायाला सुखावण्यासाठी शिकवणीतील अवघड भाग गाळून टाकण्याचा.

१७/
म्हणून जुन्या प्रवचनात, पत्रात वा मिशनच्या अहवालात ‘कृपा’ हा शब्द आला की इतिहासाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात. तो शब्द कोण उच्चारत आहे? त्यातून लाभ कोणाचा होतो? आणि ज्याच्यावर अन्याय झाला, तो त्या पानावर कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल, तर तेथे कृपेचे नाव असेल; कृपा असेलच असे नाही.