ह्यांचं तपासलंत, तुमचं?

“ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणून घरात तळण बंद केलंय,” असं पुष्कळजणी सांगतात. पण भगिनींनो, तुमचं स्वतःचं किती आहे, हे कधी तपासून घेतलंत का?

कोलेस्टेरॉल शरीराला हवंच असतं. बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. त्यातलं एलडीएल वाढलं, की रक्तवाहिन्यांत थर साचू लागतो. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनचं थोडंफार संरक्षण मिळतं. पाळी गेली, की एलडीएल चढू लागतं, आणि दुखत-खुपत तर काहीच नाही! म्हणून चाळिशीनंतर लिपिड प्रोफाइल ही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावी.

स्वयंपाकात तेल धारेने न ओतता चमच्याने मोजावे. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं छापलेलं पाहून हात सैल सोडू नका. शेंगदाणा काय, करडई काय, वनस्पतिजन्य तेलात ते मुळात नसतंच. चरबी मात्र सगळ्यांत सारखीच. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नये. उसळी, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी आणि रोज अर्धा तास भरभर चालणं, एवढं सांभाळा. गोळ्या सुरू असतील, तर मनाने बंद करू नका.

आणि एक. अचानक दम लागला, घाम फुटला, छाती, पाठ किंवा जबडा दुखू लागला, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन ओट्याशी उभ्या राहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. पोळ्या नंतर होतील!