ओल्या फडक्याने बोट सुरू होत नाही

दुधनीच्या सहलींच्या आठवणी निघाल्या की कोणीतरी हमखास सांगतं, "बोट गरम होऊन रुसली, मग पंपावर ओलं फडकं टाकलं आणि झाली चालू!" सगळे हसतात. मला नाही हसू येत. आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलं, म्हणून आज स्पष्टच लिहितो.

हे फडकं आलं कुठून, ते आपल्याला ठाऊक आहे. सिल्वासात येऊन स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी घरांत पद्मिनी होती. कसारा घाटात ती बसली की वडील बॉनेट उघडायचे, आई पाण्याची बाटली आणि जुना पंचा पुढे करायची. तिथे तो उपाय खरा होता, पंपाला उघडा वारा लागायचा. पेट्रोल इनबोर्ड बोटीत इंजिन पेटीत बंद असतं. चालू असताना तलावाचं पाणी त्याला थंड ठेवतं. बंद केलं की पाणी थांबतं आणि ब्लॉकची सगळी उष्णता वर पंपात, कार्ब्युरेटरमध्ये चढते. म्हणून लगेच सेल्फ मारला तर सुरू, दोन तासांनी मारला तरी सुरू. पण चहा-भजी आटपून वीस मिनिटांनी आलात की ढिम्म. (मच्छीमारांच्या डिझेल इंजिनाला हा त्रास नाही. डिझेल हवा धरतं, ते प्रकरण वेगळं.)

माझा खरा राग मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. हे दोन उलटे आजार आहेत आणि मिस्त्री दोन्हींना एकच औषध देतात. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली तर इंजिन उपाशी राहतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून खाली गळलं तर इंजिन ओव्हर होतं. ओव्हर झालेल्याला थ्रॉटल पंप करत राहिलात तर आणखी पाजताय! तिथे थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, पंप न करता थोडाच सेल्फ मारायचा. आमच्या ओळखीतल्या एकाने हौसेने घेतलेल्या बोटीचा एका मिस्त्रीने कॉइल बदलला, प्लग बदलले, मग कार्ब्युरेटरही बदलला. पैसे गेले, रोग तसाच. इंधनाची नळी एक्झॉस्टला टेकून गेली होती, ती कोणी बघितलीच नाही.

आणि तो सतत सेल्फ मारणं! बॅटरी जाते ते सोडा. बऱ्याच बोटींत थंड करणारं पाणी एक्झॉस्टमधूनच बाहेर पडतं. इंजिन न पेटता फिरत राहिलं की ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. साठत साठत ते उलटं सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. मग काय, इंजिन खोला.

त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून जाते, बोटीच्या तळात साचून बसते. वर सेल्फची एक ठिणगी, आणि बोटीत लेकरं. म्हणून सुरू करण्याआधी पेटी उघडून वास घ्यायचा, किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा. वास येत असेल तर सेल्फला हातच लावायचा नाही.

इलाज काही अवघड नाही. नळी उष्णतेपासून लांब न्या. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर घाला. फ्लोटची पातळी आणि नीडल तपासा. इंजिनावरचा पंप पेट्रोल ओढतो. ओढताना दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. म्हणून खाली, ढकलणारा इलेक्ट्रिक पंप बसवा, पण बोटीसाठीचाच, आणि ऑइल प्रेशर स्विचवरून, म्हणजे इंजिन थांबलं की तोही थांबेल. बंद करण्याआधी चार-पाच मिनिटं इंजिन आयडलवर ठेवा, धक्क्याला लागल्यावर पेटी उघडी टाका.

हल्ली सगळं खापर इथेनॉलवर फुटतं. थोडं तथ्य आहे, इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा वाफदाब वाढतो, आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात, त्या बदलाच. पण पद्मिनी घाटात बसायची तेव्हा कुठे होतं हो इथेनॉल?

आता दिवाळीत पाहुणे येतील, कोणीतरी पेट्रोल बोटीत फिरवायला नेईल. बसण्याआधी त्या भाऊंना एवढंच विचारा, "ब्लोअर चालतो का? चालवून दाखवा." "लागत नाही हो, साहेब" असं उत्तर आलं, तर पोरांना घेऊन काठावरच बसा.